सुधाकराला कोणी बुडवले? अपराधभाव आणि पश्चात्ताप यांविषयी थोडे चिंतन



दर रविवारी मिस्साबलिदानाच्या आरंभी आपण सर्व जण मिळून आपले पाप कबूल करतो आणि मग पुढच्या प्रार्थनेकडे वळतो. रोजच्या सवयीमुळे त्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटत नाही. पण त्या कबुलीत एक अवघड प्रश्न दडलेला आहे. 'माझे चुकले' ही जाणीव माणसाला तारते की मारते?

चुकीची जाणीव झाली की माणूस सुधारतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खोटे नाही. पण आपल्याच वस्तीत, आपल्याच नात्यागोत्यात आपण दुसरेही चित्र पाहतो. चुकीची जाणीव झालेला माणूस खचून जातो, घरच्यांना तोंड दाखवेनासा होतो, मिस्साला यायचे सोडतो, पीत असेल तर अधिकच प्यायला लागतो. ज्या जाणिवेने त्याला वर काढायचे, तीच त्याला खाली ओढते. असे का व्हावे?

या प्रश्नाचा विचार करताना आज आपण एका नाटकाचा आधार घेऊ या. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल, निदान त्याचे नाव तरी ऐकले असेल. गडकरी जन्माने आपल्या भागातले नव्हते. २६ मे १८८५ रोजी गुजरातेत नवसारी येथे त्यांचा जन्म झाला. पण त्यांचा शेवट आपल्या विदर्भात झाला. क्षयाने खंगलेले गडकरी नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे आपल्या भावाकडे आले होते आणि तेथेच २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या ३३व्या वर्षी त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर महिनाभरातच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग बडोद्याला केला. बालगंधर्व सिंधू झाले होते. शंभर वर्षे उलटून गेली, तरी दारूने उद्ध्वस्त झालेल्या घराविषयी बोलताना मराठी माणसाला आधी हेच नाटक आठवते.

सुधाकराची गोष्ट

सुधाकर हा हुशार, मानी, कर्तबगार वकील. त्याची पत्नी सिंधू ही प्रेमळ आणि पतिनिष्ठ. कोर्टात झालेल्या खटक्यामुळे सुधाकराची सनद सहा महिन्यांसाठी रद्द होते. हा अपमान त्याच्या जिव्हारी लागतो. त्याचा कारकून तळीराम हा पक्का दारुडा. दुःख विसरण्यासाठी एकच प्याला घ्या, असे तो सुचवतो. तो एक प्याला पुढे सुटत नाही. घरातली चीजवस्तू जाते, दागिने जातात, माहेरची मदत तुटते. श्रीमंताघरची सिंधू दुसऱ्यांचे दळण दळून संसार चालवू लागते. मध्येच एकदा सुधाकराचे डोळे उघडतात. दारू सोडण्याचा तो मनापासून निश्चय करतो आणि काम शोधायला बाहेर पडतो. पण जुन्या ओळखीच्या माणसांकडून त्याच्या वाट्याला अपमानच येतो. तो पुन्हा प्याल्याकडे वळतो आणि आता आणखी खोल जातो. शेवटी नशेच्या भरात त्याच्याच हातून त्याच्या तान्ह्या मुलाचा जीव जातो, सिंधूही मरणाच्या दारी पोहोचते. पोलिसांपुढे ती आपल्या नवऱ्यावर दोष येऊ देत नाही. सुधाकराचा शेवटचा प्याला विषाचा असतो.

या नाटकाचे तात्पर्य काय, असे विचारले तर बहुतेक जण म्हणतील, दारू वाईट. ते खरेच आहे. पण तेवढेच सांगायचे असते तर तळीराम पुरेसा होता. तळीरामही पितो, तोही दारूनेच मरतो. तरीही तळीरामाच्या मरणाने प्रेक्षक रडत नाही. सुधाकराच्या मरणाने रडतो. दोघांत फरक काय? तळीरामाला कशाचीच खंत नाही. तो आपल्या व्यसनाची थट्टा करतो आणि दुसऱ्यांनाही त्यात ओढतो. सुधाकराला मात्र आपण काय करतो आहोत हे कळते. त्याचा विवेक जिवंत आहे. म्हणूनच तो शोकांतिकेचा नायक होऊ शकतो. ज्याला अपराधाची जाणीवच नाही त्याचा अधःपात होतो, पण त्याची शोकांतिका होत नाही.

म्हणजे एका अर्थी अपराधभाव ही देणगी आहे. अंगाला चटका बसला की हात मागे येतो. तसाच मनाला बसणारा हा चटका आहे. तो ज्याला बसत नाही, त्याच्या मनाला काही तरी आजार झालेला आहे. मग सुधाकराला हा चटका बसूनही त्याचा हात मागे का आला नाही?

एक जुना शब्द

शोकांतिकेविषयी पहिला सविस्तर विचार ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, शोकांतिकेचा नायक पूर्ण दुष्ट नसावा आणि पूर्ण निर्दोषही नसावा. तो आपल्यासारखाच माणूस असावा आणि त्याचा नाश त्याच्या हातून घडलेल्या एखाद्या चुकीमुळे व्हावा. या चुकीसाठी त्याने जो शब्द वापरला तो 'हामार्तिया'. नेम चुकणे, बाण लक्ष्यावर न लागणे, असा त्याचा मूळ अर्थ.

आपल्याला विशेष वाटावे अशी गोष्ट पुढेच आहे. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला आणि त्यात 'पाप' या अर्थी जो शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो हाच – हामार्तिया. नाटककार ज्याला नायकाची चूक म्हणतो आणि शुभवर्तमान ज्याला पाप म्हणते, त्या दोहोंसाठी एकच शब्द आहे. अर्थात दोहोंचा आशय अगदी एक नाही. नाटकात चूक घडली की चक्र फिरू लागते आणि ते नायकाचा घास घेऊनच थांबते. शुभवर्तमानात नेम चुकलेल्या माणसाला परत वळता येते. नाटक जिथे पडदा टाकते, तिथे प्रभू येशू पुढचा अंक सुरू करतो.

जाणीव कुठे अडली?

आता पुन्हा सुधाकराकडे पाहू या. त्याच्या पतनाच्या वाटेवर तीन वळणे आहेत.

पहिले वळण म्हणजे पहिला प्याला. तिथे अपराधभाव नाही, दुखावलेला मान आहे. 'माझ्यासारख्याचा असा अपमान?' हे त्याला सोसवत नाही.

दुसरे वळण म्हणजे व्यसन जडल्यानंतरचे दिवस. आता अपराधभाव आहे. पण तो सोसायचा कसा हे त्याला ठाऊक नाही. बायकोचे कष्ट दिसतात म्हणून लाज वाटते; लाज बोचते म्हणून तो पितो; प्यायल्यामुळे पुन्हा लाज वाटण्यासारखे काही तरी करतो. घाण्याच्या बैलासारखा हा फेरा चालू राहतो. ज्यांच्या घरी व्यसन आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. सकाळी रडून पाया पडणारा माणूस संध्याकाळी पुन्हा झिंगत येतो. सकाळचे रडणे ढोंग होते असे घरचे म्हणतात. पुष्कळदा ते ढोंग नसते. ते रडणे खरेच असते. पण त्या अश्रूंना पुढे वाट नसते.

तिसरे वळण सर्वांत महत्त्वाचे आहे. सुधाकर सुधारायचे ठरवतो आणि माणसांत जातो. तिथे त्याला कोणी उभे करीत नाही. या प्रसंगाकडे आपले सहसा लक्ष जात नाही, कारण शेवटच्या अंकातील भीषण घटनांनी तो झाकला जातो. पण नाटकाचा तोल खऱ्या अर्थाने इथे फिरतो. इथवर सुधाकराचा अपराध त्याचा एकट्याचा होता. इथून पुढे त्यात समाजाचाही वाटा आहे. त्याने दार ठोठावले आणि दार उघडले नाही.

यानंतर सुधाकर स्वतःचाच न्यायाधीश होतो. तोच आरोपी, तोच साक्षीदार, तोच निकाल देणारा. अशा न्यायालयात निकाल एकच लागतो. बाहेरून पाहता वाटते की हा माणूस किती नम्र झाला, स्वतःला किती हीन समजू लागला. पण जरा खोल पाहिले तर तो पहिल्या अंकातला मानी सुधाकरच आहे. तेव्हा त्याला वाटत होते, माझ्यासारख्याचा अपमान होऊच शकत नाही. आता वाटते, माझ्यासारख्याला क्षमा होऊच शकत नाही. दोन्ही वेळी शेवटचा शब्द त्यालाच हवा आहे.

सिंधूची क्षमा

इथे कोणी विचारील की सिंधूने तर क्षमा केली होती. मरतानाही तिने नवऱ्याला दोष दिला नाही. मग त्या क्षमेने सुधाकर का वाचला नाही?

सिंधूच्या प्रेमापुढे आपण हात जोडतो. पण तिची वाट आपल्या मुलींना दाखवण्याआधी थोडे थांबले पाहिजे. सिंधूने अपराध पोटात घातला. त्याचे नाव कधी उच्चारले नाही. आजही पुष्कळ घरांत आई आणि बायको हेच करतात. कपाळावरच्या खोकेविषयी शेजारीण विचारते तेव्हा न्हाणीत पाय घसरला म्हणून सांगतात. पगार कुठे गेला म्हणून सासरा विचारतो तेव्हा दवाखान्याला लागला म्हणून सांगतात. त्यामागे माया असते, भीती असते आणि 'लोक काय म्हणतील' ही धास्तीही असते. परंतु झाकलेल्या जखमेतला पू आतच राहतो. क्षमा म्हणजे 'काही झालेच नाही' असे म्हणणे नव्हे. झाले ते वाईट झाले, त्याचे नाव हे असे आहे, आणि तरीही मी तुला टाकत नाही, असे म्हणणे म्हणजे क्षमा. मार खात राहणे हा तर क्षमेचा भाग मुळीच नाही. आपला आणि लेकरांचा जीव सांभाळणे हे पाप नव्हे, कर्तव्य आहे.

जुन्या करारात दावीद राजाची गोष्ट आहे (२ शमुवेल ११ व १२). दाविदाने उरियाची बायको घेतली आणि उरियाला लढाईत पुढे उभे करून मरू दिले. नाथान संदेष्ट्याने राजाला तोंडावर शिव्या दिल्या नाहीत आणि अपराध झाकलाही नाही. त्याने एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावून घेतली. राजा संतापला आणि त्या श्रीमंताला शिक्षा सुनावू लागला, तेव्हा नाथानाने त्याला आरसा दाखवला, की तो माणूस तूच. दाविदाने त्याच क्षणी पाप कबूल केले. त्याला त्याच्या कृत्याची फळे भोगावी लागली, पण तो नाश पावला नाही. सुधाकराला प्रेम करणारी सिंधू मिळाली, अपमान करणारे लोक मिळाले, फूस लावणारा तळीरामही मिळाला. प्रेमाने खरे ऐकवून परत वळवू शकेल असा नाथान मात्र त्याच्या आयुष्यात प्रभावी ठरला नाही.

पेत्र आणि यहूदा

आपल्या प्रश्नाचे उत्तर शुभवर्तमानात एकाच रात्रीच्या दोन घटनांत सापडते. त्या रात्री दोन शिष्यांनी प्रभूला दगा दिला. यहूदाने त्याला धरून दिले; पेत्राने त्याला तीनदा नाकारले. दोघांनाही आपल्या कृत्याची खंत वाटली, हे आपण अनेकदा विसरतो. मत्तय सांगतो की यहूदाला पस्तावा झाला, त्याने ती तीस नाणी परत नेली आणि आपण पाप केल्याचे याजकांपुढे उघड बोलून दाखवले (मत्तय २७:३-५). कबुली झाली, भरपाईचा प्रयत्नही झाला. मग उणे काय राहिले?

तो कोणाकडे गेला ते पाहा. ज्यांना त्याच्या जिवाशी काही देणेघेणे नव्हते त्यांच्याकडे तो गेला. आम्हाला त्याचे काय, तुझे तू पाहा, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले आणि त्याला वाटेला लावले. ते याजक होते. पापी माणसाचे ऐकून घेणे हे त्यांचे काम होते. त्यांनी दार लावून घेतले. यहूदा तेथून निघाला तो एकटाच, आणि एकटेपणातच त्याने स्वतःचा निकाल लावला. काम शोधायला गेलेल्या सुधाकराला जे उत्तर मिळाले, ते याच जातीचे होते.

पेत्रही रडला, अतिशय दुःखाने रडला (लूक २२:६१-६२). पण लूक एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. पेत्र नाकारत असतानाच प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिले. पेत्राचे अश्रू त्या नजरेसमोरचे होते. त्यानंतर तो इतर शिष्यांपासून तुटला नाही, त्यांच्यातच राहिला. आणि पुनरुत्थानानंतर तिबिर्य समुद्राच्या काठी प्रभूने त्याला तीनदा एकच प्रश्न विचारला, त्याच्या प्रीतीचा (योहान २१:१५-१७). तीन नकारांना तीन होकार. योहान सांगतो की त्या पहाटे किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव पेटलेला होता. मुख्य याजकाच्या अंगणात पेत्र ज्याच्याशी शेकत होता, तोही कोळशांचाच विस्तव होता (योहान १८:१८). मूळ ग्रीक नव्या करारात हा शब्द फक्त या दोनच ठिकाणी येतो. जिथे चुकले, तशाच जागी प्रभूने पेत्राला पुन्हा उभे केले, आणि आपली मेंढरे त्याच्या हाती सोपवली.

म्हणजे यहूदाचा अपराधभाव पेत्राहून कमी नव्हता. फरक एवढाच की यहूदा स्वतःकडे पाहत राहिला आणि पेत्र प्रभूकडे. अपराधभाव म्हणतो, 'मी कसा आहे!' पश्चात्ताप म्हणतो, 'मी कोणाला दुखावले, आणि आता त्याच्याकडे कसा जाऊ?' संत पौलानेही करिंथकरांना लिहिताना देवाकडे नेणारे दुःख आणि मरणाकडे नेणारे दुःख असा स्पष्ट भेद केला आहे (२ करिंथ ७:१०).

मात्र नुसते गुडघे टेकणे म्हणजेही पश्चात्ताप नव्हे. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये, ज्याचे गोपाळ गणेश आगरकरांनी 'विकारविलसित' या नावाने मराठी रूपांतर केले, हॅम्लेटचा काका भावाचा खून करून गादीवर बसतो. एका प्रसंगी तो प्रार्थनेला गुडघे टेकतो. पण त्याच्याच लक्षात येते की ज्याच्यासाठी खून केला ते राज्य आणि ती राणी दोन्ही अजून आपल्याकडेच आहेत. मग क्षमा मागायची कशी? त्याची प्रार्थना जमिनीवरच राहते. जक्कयाने मात्र लुबाडलेले चौपट परत देण्याचे वचन दिले आणि त्याच दिवशी त्याच्या घरी तारण आले (लूक १९:८-९). भावाच्या धुऱ्यावर सरकवलेली हद्द परत मागे न घेता नुसते पापनिवेदन करणाऱ्याने या दोघांची आठवण ठेवावी.

आपल्या वऱ्हाडात

हा सगळा विचार पुस्तकी नाही. २००६ च्या जुलैत पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले होते आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर झाली होती. कारण होते शेतकऱ्यांच्या आत्महत्या. ते दुःख त्यानंतरही संपलेले नाही. पाऊस, नापिकी, पडलेले भाव, सावकार आणि बँक ही त्याची कारणे खरीच आहेत, आणि त्यांना उत्तर धोरणानेच द्यावे लागेल. पण त्यांच्या जोडीला आणखी एक ओझे असते. कर्ज फेडता आले नाही, मुलीचे लग्न ठरलेले आहे, घरच्यांना काय तोंड दाखवू? ज्याने काही अपराध केलेला नाही, त्यालाही अपराध्यासारखे वाटू लागते.

हे नीट समजून घ्यावे. कपाशीवर बोंडअळी पडली हे पाप नव्हे. कर्ज थकले हे पाप नव्हे. परीक्षेत नापास होणे, आजारी पडणे, मूल न होणे, यांतले काहीही पाप नव्हे. तरी या गोष्टींसाठी माणसे स्वतःला दोषी धरतात, कारण भोवतालचे लोक तसे धरतात. खऱ्या अपराधाला क्षमा हवी असते. खोट्या अपराधभावाला सत्य हवे असते. दोन्ही प्रकारच्या माणसांना मात्र एक गोष्ट सारखीच लागते, ती म्हणजे ऐकून घेणारे माणूस.

अमरावतीहून नागपूरकडे जाताना महामार्गावर गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली तिथे आश्रम स्थापन केला. ते आपल्या धर्माचे नव्हते, पण त्यांच्या कार्यातली एक गोष्ट आपण आदराने लक्षात घ्यावी. खंजिरी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या या संताने व्यसनाविरुद्ध आयुष्यभर लोकजागृती केली, आणि त्याच्या जोडीला गावाला सामुदायिक प्रार्थनेची सवय लावली. जातिधर्माचा भेद न करता सगळ्यांनी एकत्र बसायचे. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे निर्वाण झाले. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला मोझरीत प्रचंड जनसमुदाय एकाच वेळी उभा राहून मौन पाळतो. त्या मौनाविषयी विचार करताना वाटते, शांतता दोन प्रकारची असते. एक हजारोंच्या सोबतीची, आणि दुसरी सुधाकराची, बंद खोलीतली. पहिलीत माणूस हलका होतो, दुसरीत गुदमरतो.

योगायोग असा की त्याच १९३५ साली अमेरिकेत, ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन गावी, दारूने पोळलेली दोन माणसे एकमेकांशी बोलू लागली आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. तिच्या बारा पायऱ्या प्रसिद्ध आहेत. त्यांतल्या पाचव्या पायरीवर व्यसनी माणसाने आपल्या चुका देवापुढे, स्वतःपुढे आणि आणखी एका माणसापुढे उघड मांडायच्या असतात; पुढच्या पायऱ्यांवर ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करायची असते. सुधाकराने निश्चय केला तो एकट्याने. इथे एकट्याचा निश्चय पुरत नाही हेच पहिले मान्य करावे लागते. ख्रिस्तसभा जो समेटाचा संस्कार शतकानुशतके देत आली आहे, त्याच्याशी याचे किती साम्य आहे! पश्चात्ताप, कबुली, भरपाई, आणि या सर्वांना भेटणारी देवाची क्षमा.

मग आपण काय करावे?

ज्यांच्या मनावर ओझे आहे त्यांनी ते एकट्याने वाहू नये. पापनिवेदनाला यावे. लाज वाटते हे ठीक आहे. लाज वाटते याचा अर्थ विवेक जागा आहे. फादरांना आपले पाप नवे नसते आणि त्यांच्या तोंडून ते कधी बाहेर जाणार नाही. व्यसन असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर संस्काराबरोबर डॉक्टरांची आणि समुपदेशनाची मदतही घ्यावी. त्यात श्रद्धेचा कमीपणा नाही.

ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी सिंधूचे प्रेम घ्यावे, पण त्याला नाथानाच्या सत्याची जोड द्यावी.

ज्यांच्या घरातले कोणी स्वतःच्या हाताने गेले आहे, त्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की तीव्र मानसिक क्लेशाने अशा माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि त्याच्या तारणाची आशा आपण सोडू नये (परिच्छेद २२८२-२२८३). त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, मिस्सा अर्पण करावी. 'आपल्याला आधी का कळले नाही?' या प्रश्नाने स्वतःला जाळत बसू नये.

आणि राहता राहिले आपण सर्व, जे दर रविवारी बाकांवर बसतो. दारू सोडलेला माणूस महिन्याभराने चर्चला येतो तेव्हा आपण त्याला सरकून जागा देतो, की एकमेकांना कोपराने खुणावतो? त्याला रोजगार देतो, की 'पाहू किती दिवस टिकते' म्हणतो? उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप धावत पुढे गेला. थोरला भाऊ दाराबाहेर रागावून उभा राहिला (लूक १५). धाकटा मुलगा आधी थोरल्या भावाला भेटला असता तर तो घरापर्यंत पोहोचला असता का?

मिस्साच्या आरंभीची ती कबुली आपण देवापुढे तर करतोच, पण शेजारी उभ्या असलेल्या बंधुभगिनींपुढेही करतो, आणि आपल्यासाठी प्रार्थना करा अशी त्यांनाच विनवणी करतो. याचा अर्थ असा की बाकावर बसलेला प्रत्येक जण पापीही आहे आणि दुसऱ्या पाप्याचा सोबतीही आहे. सुधाकराला एका प्याल्याने बुडवले असे नाटक सांगते. आपण त्यात एवढीच भर घालू या की एका उघड्या दाराने तो कदाचित वाचला असता.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, पेत्राकडे तू वळून पाहिलेस, तसे आमच्याकडेही पाहा. आमचा अपराध लपवण्याची नव्हे, तो तुझ्यापुढे मांडण्याची शक्ती आम्हाला दे. जो परत येऊ पाहतो त्याच्यासाठी आमच्या घराचे, आमच्या मनाचे आणि आमच्या मंदिराचे दार आम्ही कधी लावून घेऊ नये, अशी बुद्धी आम्हाला दे. आमेन.